पंखा भाताला, गोधडी पाहुण्यांना

गुरुवार : हरिहरेश्वर

दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता आणि माझी बँकेतली रजा वाया जायला आली होती. मेव्हण्यांचं सोयाबीन मळून घरात आलं होतं. त्यांचा फोन आला, "दाजी, औंदा कोकणात जायचंच. सायकलीवर." त्यांच्या बहिणीने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, फक्त एवढंच विचारलं, "पाऊस गेलाय का तिकडचा?" आम्ही दोघांनी एकदम हो म्हटलं.

ओळखीच्या टेम्पोत सायकली घातल्या आणि महाबळेश्वर, पोलादपूर, महाड करत संध्याकाळी हरिहरेश्वरला उतरलो. हॉटेल आधीच ठरवलं होतं. एसी, टीव्ही, बाल्कनीतून दोन माडांच्या मधून दिसणारा समुद्र. मेव्हणे पाच मिनिटांत खोलीची तपासणी करून आले. टॉवेल पातळ, उशी टणक, चहा पाणचट. गिझरचं पाणी कोमट येतं ही भर मी घातली. खाली जाऊन मॅनेजरला तसं सांगितलंही. तो बिचारा "हो सर, बघतो सर" म्हणत राहिला.

देवळात आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं आणि मग हरिहरेश्वराचं, अशी इथली रीत. मागच्या बाजूने खडकांतून समुद्राला लागून प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटी असेल तरच करावी. भरतीच्या वेळी लाट कधी वर येईल त्याचा नेम नसतो, आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. देवळापाशी कुणालाही विचारलं तर भरती-ओहोटीची वेळ सांगतात. मोबाइलवर शोधण्यापेक्षा ते बरं.

शुक्रवार : बागमांडला, वेळास, केळशी

सकाळी लवकर बागमांडल्याला पोचलो. सावित्रीच्या मुखावरची बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. फेरीबोटीत ट्रक, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि आम्ही. पलीकडे वेसवी. बाणकोटचा किल्ला चढावर आहे. हा हिम्मतगड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वरून खाडीचं तोंड इतकं मोकळं दिसतं की तो का बांधला हे कुणी सांगावं लागत नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता ते जास्त ओळखलं जातं कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात कासव नाही, पर्यटक नाही, त्यामुळे आम्हाला जेवण निवांत मिळालं. डाळीची आमटी, भात, नारळ घालून परतलेली चवळीच्या शेंगांची भाजी. बाहेर ऊन असं की डांबरावर चाकं चिकटतील.

केळशीला उटंबरच्या डोंगराच्या पायथ्याशी महालक्ष्मीचं घुमटाकार देऊळ आहे. तिथून जवळच एका घरी उतरलो. पोफळीच्या वाडीत घर. वाडीत मोठ्या झाडांच्या मधे खांद्याएवढी, डोक्याएवढी रोपं दिसत होती. एवढी लहान का, असं मेव्हण्यांनी विचारलं आणि घरातल्या आजी ओटीवर येऊन बसल्या.

3 जून 2020. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडची गावंही त्याच्या तडाख्यात आली. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. आजी म्हणाल्या, "दुपारी आम्ही सगळे माजघरात होतो. कौलं उडताना दिसली नाहीत, नुसती ऐकू आली. वारा पडला, बाहेर आलो, तर समोरच्यांचं घर दिसलं. या ओटीवरून ते कधी दिसलं नव्हतं. मधे आमची वाडी होती ना."

पोफळीचं झाड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, माडालाही तितकीच. म्हणजे एका दुपारी काय गेलं त्याचा हिशेब रुपयात होत नाही. त्यात लॉकडाऊन, त्यामुळे पडलेली झाडं तोडायला माणसं मिळेनात. महिन्याच्या वर वीज नव्हती. पंप बंद, मग विहिरीवर जुनी कप्पी शोधून परत बांधली. पाटा-वरवंटा बाहेर काढला. रात्री दिवा कधी लावायचा आणि कधी विझवायचा यावरून सुनेशी वाद व्हायचे, हे त्यांनी हसत सांगितलं. मग वीज आली. "त्या रात्री कोणी झोपलंच नाही. पंखा पाचावर लावला आणि सगळे खाली बसून राहिलो. मला थंडी वाजली तरी मी उठले नाही."

सूनबाई आतून म्हणाल्या, "आणि आता पंखा एकाच्या वर जाऊ देत नाहीत."

हे ऐकून आम्ही चहाबद्दल काही बोललो नाही, एवढंच. खरं सांगायचं तर जेवून झोपताना ते आमच्या डोक्यातून गेलंही होतं. ऐकलेली गोष्ट फार वेळ टिकत नाही.

(केळशी ते आंजर्ले हा रस्ता आडे-पाडल्यावरून समुद्राला लागून जातो. सायकलवाल्यांनी तो चुकवू नये. मात्र मधे दुकानं कमी आहेत, पाणी भरून घ्या.)

शनिवार : आंजर्ले, हर्णै, मुरूड

कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. चढ दमवतो, वरून सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. बघायला जरूर जा, पण मधे उभे राहून फोटो काढू नका. टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईला थांबायला वेळ नसतो आणि ती तसं स्पष्ट सांगते. मेव्हण्यांना सांगितलं.

मुरूडला महर्षी कर्व्यांचं स्मारक आहे. 1858 चा जन्म, आणि 1958 साली, शंभराव्या वर्षी भारतरत्न. हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. मी मेव्हण्यांना दुसरी गोष्ट सांगितली. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून धोंडो केशव सोबत्यांबरोबर ऐन पावसात या मुरूडहून पायी निघाले, घाट चढून साताऱ्याला पोचले. आणि तिथे परीक्षकांनी, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून, परीक्षेला बसूच दिलं नाही.

मेव्हणे थांबले. "आपल्या साताऱ्यानं?"

"आपल्याच."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार? आल्या वाटेने परत."

त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाजी, आपण कुठले ते इथं कुणाला सांगू नका."

रविवार : दाभोळ

या दिवशी सकाळ छान होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कर्दे, लाडघर, बुरोंडीचा परशुरामाचा पुतळा, सगळं स्वच्छ उन्हात. कोळथऱ्यात आंबोळ्या खाल्ल्या. दोनच्या सुमारास पूर्वेकडे, सह्याद्रीच्या बाजूला, आभाळ काळं व्हायला लागलं. परतीचा पाऊस समुद्राकडून येत नाही, तो डोंगराकडून पाठीवर येतो. त्यामुळे समोर बघत चालवणाऱ्याला तो आल्यावरच कळतो.

आम्ही तेव्हा सड्यावर होतो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. झाड नाही, घर नाही, गुडघाभर गवत आणि मधून रस्ता. अशा जागी वीज चमकायला लागली की माणूस हीच तिथली सर्वांत उंच वस्तू असते. सायकली आडव्या टाकल्या, लांब जाऊन एकमेकांपासूनही अंतर ठेवून उकिडवे बसलो. (एकट्या झाडाखाली जाऊ नये, लोखंडापासून दूर राहावं, आडवं झोपू नये. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं.) पाऊस थेंबाने पडत नव्हता. एक वीज इतकी जवळ पडली की उजेड आणि आवाज यात अंतरच उरलं नाही, आणि मला दातांत काहीतरी धातूची चव आली. मेव्हण्यांकडे बघितलं तर ते दोन्ही कानांवर हात ठेवून मोठमोठ्याने मारुतीस्तोत्र म्हणत होते. ऐकू एक अक्षर येत नव्हतं, तोंड तेवढं हलताना दिसत होतं.

दाभोळला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. ब्रेकची रबरं लाल चिखलाच्या रेतीने पार घासली गेली होती, उतारावर पाय टेकवत आलो. वाऱ्यामुळे फेरी थांबवली होती. पलीकडे जाणारी गाड्यांची रांग अडकलेली, त्यामुळे होत्या त्या खोल्या भरलेल्या. एका ठिकाणी आमच्या कपड्यांवरून गळणारं पाणी बघून, खोली असूनही नाही म्हणाले असा मेव्हण्यांना संशय होता. असेलही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गादीचा विचार केला असता.

धक्क्याजवळ एक माणूस होडीवर ताडपत्री बांधत होता. त्याला विचारलं. त्याने आधी आमच्याकडे, मग सायकलींकडे बघितलं. "आमची जाली ठेवायची खोप हाय. झोपाल तर झोपा. वास मारंल."

वास मारत होता. भिंती पत्र्याच्या, वरही पत्रा. एका बाजूला नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग, बोयरी, दोरखंड, एकावर एक रचलेले प्लास्टिकचे क्रेट. दुसऱ्या बाजूला सुकटाची पोती. मधे दोन माणसं कुशीवर झोपतील एवढी कोब्याची जमीन, तीही घाम आल्यासारखी ओली. त्याने क्रेट उलटे करून वर एक फळी टाकली आणि गेला. थोड्या वेळाने परत आला तो किटलीत कोरा चहा घेऊन. गुळाचा, आलं घातलेला. "उद्या सकाली वारा पडला तर फेरी सुटंल," म्हणाला. खाडीत आसऱ्याला आलेल्या बोटींचे दिवे दिसत होते. त्यांच्यातली माणसं डेकवर असतील की आत, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

सॅडलबॅग जलरोधक आहे असं तिच्यावर लिहिलं होतं. आतले कोरडे कपडे पिळून काढले. खायला बिस्किटांचा लगदा आणि बायकोने दिलेले शेंगदाण्याचे लाडू, त्यातले तळाचे विरघळलेले. फळीवर मेव्हण्यांना झोपवलं, मी क्रेटला टेकून बसलो. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून पडणारा थेंब मी जिथे सरकेन तिथे पडायचा. पत्र्याच्या पन्हाळीवरून पाणी आतल्या आत धावत यायचं आणि जागा बदलून गळायचं. मध्यरात्री उंदीर आला. सुकटाच्या पोत्याकडे जाताना तो माझ्या पायावरून गेला, ओल्या मोज्यावरून, आणि मी पाय हलवला नाही. हलवला तर गार हवा आत जाणार होती.

पहाटे मेव्हण्यांचे दात वाजायला लागले. मी विचारलं, "काय होतंय?" ते म्हणाले, "काही नाही, दाजी. त्या हरिहरेश्वरच्या उशीचा विचार करतोय."

(कोरडा कपड्यांचा एक जोड खताच्या किंवा साखरेच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड रबराने बांधून, तो बॅगेत ठेवा. बॅगेवर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन-तीनदा बदलायचे. आणि रोख पैसे जवळ ठेवा. वीज गेली की नेटवर्कही जातं.)

सोमवार : खाडीपलीकडे

सकाळी वारा पडला, पाऊस तसाच. खोपवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहाचेही नाहीत. पहिल्या फेरीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. गुहागर तिथून फार लांब नाही. एरवी तासाभराचा खेळ. पण मेव्हण्यांना आता ताप भरला होता आणि ते चढावर सायकल ढकलतानाही थांबत होते. अंजनवेलच्या फाट्याच्या अलीकडे एका घराच्या गडग्यावर खडूने लिहिलेली पाटी दिसली: चहा, नाश्ता, जेवण. पावसाने "जेवण" अर्धं पुसलं होतं.

दारात काकू उभ्या होत्या. आम्ही चहा मागितला. त्या म्हणाल्या, "चहा मागाहून. आधी न्हाणीत जा."

"काकू, खोली आहे का राहायला?"

"आहे. साधी आहे. आधी जा म्हटलं ना."

न्हाणीघर मागच्या पडवीला लागून. तांब्याचा बंब, त्याच्या नळीत नारळाची सोडणं आणि करवंट्या जळत होत्या. खाली घंगाळ. जमिनीला जांभ्याचा चिरा, त्याला पायाखाली ऊब होती. पाणी कढत. पहिला तांब्या मी खांद्यावर ओतला आणि तसाच उभा राहिलो. दुसरा डोक्यावर. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, त्यांना मुंग्या यायला लागल्या. केसांतून सुकटाचा वास वाफेबरोबर वर आला आणि गेला. बंबात लाकूड तडकलं की आवाज यायचा, बाहेर काकू कुणाला तरी "अहो, अजून एक सोडण घाला, एक जण राहिलाय" म्हणत होत्या. मी त्या एका बादलीच्या आंघोळीला किती वेळ लावला ते मेव्हण्यांना विचारा. ते दाराबाहेर कुडकुडत उभे होते.

काकांचा जुना लेंगा आणि सदरा मला, मेव्हण्यांना लुंगी आणि मुलाचा स्वेटर. मग ओटीवर पाट मांडले. मऊभात, वर तूप, मेतकूट, पोह्याचा भाजलेला पापड, लिंबाच्या लोणच्याचा खार. सोबत जिऱ्याची फोडणी दिलेलं आमसुलाचं गरम सार, वाटीने नाही, पेल्याने. मेव्हणे मटणाशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीत. त्यांनी तीनदा भात घेतला आणि मधे एकदा डोळे पुसले. सार तिखट आहे म्हणाले. आमसुलाचं सार तिखट नसतं.

खोली खरंच साधी होती. एक लोखंडी कॉट, खाली एक गादी, सारवलेली जमीन, भिंतीत कोनाडा, वर आढ्याला केळीच्या सोपटाने बांधून टांगलेली पिवळी पडलेली तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या. गोधडी जुन्या लुगड्यांची, धुवून धुवून मऊ झालेली, आणि कोरडी. हे कोरडी लिहिताना मला दुसरं विशेषण सुचत नाही. पंखा दिसला नाही म्हणून मी विचारलं. काकू जरा ओशाळल्या. "पंखा एकच आहे. तो भाताला लावलाय."

मी समजलो नाही, तेव्हा काकांनी माजघराचं दार उघडून दाखवलं. अख्ख्या माजघरात जमिनीवर भाताच्या लोंब्या पसरलेल्या आणि कोपऱ्यात उभा पंखा मान फिरवत त्यांना वारा घालत होता. काकांचं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापून झालं होतं, मळ्यात वाळत पसरलं होतं, आणि त्यावर दोन दिवस पाऊस बसला. भिजलेलं भात ढिगात राहिलं तर आत तापतं, मोड येतात, तांदूळ काळा पडतो. म्हणून जेवढं उचलता आलं तेवढं घरात आणून पसरलं होतं. देवघरासमोर, जिन्यावर, झोपाळ्यावरसुद्धा. स्वतः दोघं स्वयंपाकघरात झोपत होते.

मेव्हणे तापात होते तरी खाली बसले, एक लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली चावून बघितला. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं नुकसान सांगावं लागत नाही. "अजून मळ्यात किती राहिलंय, काका?"

"निम्मं."

"पाऊस थांबला की मला हाका मारा."

मग गोळी घेऊन ते झोपले ते दुपारी चारपर्यंत. मीही. गोधडीत शिरल्यावर पाय गरम व्हायला लागले, आधी टाचा, मग बोटं, आणि कौलांवरचा पाऊस, तोच, आदल्या रात्री ज्याला शिव्या घातल्या तोच, ऐकत झोप लागली.

मंगळवार : तिथेच

पुढे जायचा बेत होता. गेलो नाही.

सकाळी उघडीप मिळाली. ताप उतरला होता. वाडीतली चार-पाच घरं एकमेकांच्या मळ्यांत उतरली होती, आधी ज्याचं भात पाण्यात उभं आहे त्याचं. मी कारकुनी माणूस, मला भारे बांधता येत नाहीत, म्हणून वाहायला लावलं. ओला भारा किती जड असतो हे डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. मानेत पाणी गळतं, पेंढ्याचं कूस अंगाला चावतं, बांधावरून पाय घसरतो. शेजारच्या घरची एक मुलगी, दहावीतली असेल, माझ्या दुप्पट खेपा करत होती आणि दर खेपेला "काका, बाजूला" म्हणून पुढे जायची. काका एसटीत कंडक्टर होते. ते बांधावर उभे राहून कोणाचा भारा कुठे जायचा ते सांगत होते. "पुढे चला, पुढे चला" हे त्यांच्या तोंडून सहज यायचं आणि सगळे हसायचे.

दुपारी काकूंनी धोंडस केलं होतं. आढ्यावरचं एक तवसं उतरवून, किसून, त्यात तांदळाच्या कण्या, गूळ, खोबरं, वेलदोडा, आणि पातेल्याच्या वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं. हे हॉटेलात मिळत नाही. मिळालं तरी त्याला निखाऱ्याचा वास नसतो. बरोबर कुळथाचं पिठलं आणि भाकरी. रात्री डासांसाठी सोडणाचा धूर केला. वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा काकू आधी माजघरात धावल्या, पंखा बंद पडला म्हणून.

मी काकूंना म्हटलं, "तुमच्याकडे फार आराम मिळाला." त्यांना ते नीट कळलं नाही बहुतेक. "आराम कसला, दिवसभर भारे वाहिलेत," म्हणाल्या.

(गुहागर तालुक्यात अशी घरगुती राहण्याची सोय गावोगाव आहे. पुष्कळांची जाहिरात कुठेच नसते. एसटी थांब्यावरच्या टपरीत विचारावं. तिथे फोनवर फोटो मागत बसू नये. कढत पाणी आणि कोरडं अंथरूण आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. संडास बाहेर आहे की आत ते मात्र विचारा, रात्री छत्री लागते. दर आधी ठरवा, म्हणजे निघताना दोन्हीकडून अवघडल्यासारखं होत नाही. आम्ही ठरवला नव्हता, त्यामुळे निघताना काकू कमी सांगत होत्या आणि मेव्हणे जास्त देत होते, असं उलटं भांडण झालं. शेवटी काकांनी कंडक्टरच्या हिशेबाने मधला आकडा काढला.)

बुधवार : हेदवी, तवसाळ, गणपतीपुळे

ऊन. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, ब्रेकची नवी रबरं, पुढे पालशेत, वेळणेश्वर. हेदवीचा दशभुज गणपती चढावर आहे, खाली समुद्राला बामणघळ. भरतीला त्या कपारीत लाट शिरली की पाण्याचा उंच फवारा उडतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, नुसता घुमल्यासारखा आवाज. तवसाळहून फेरीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. पलीकडचा चढ मांड्यांची परीक्षा बघतो. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, शेणाने सारवलेलं, नीट राखलेलं. मेव्हण्यांनी कविता वाचल्या नाहीत, न्हाणीघर कुठे आहे ते बघून आले.

गणपतीपुळ्याला परत एसी खोली मिळाली. पाणी कोमटच होतं. टॉवेल हरिहरेश्वरपेक्षाही पातळ असावा. मेव्हण्यांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केला, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता खांद्यावर टाकून आत गेले. मी एसी बंद करून खिडकी उघडली. पांघरूण पांढरं, इस्त्रीचं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. चांगली झोप लागली, उगाच खोटं कशाला बोलू. पण सकाळी उठल्यावर मेव्हणे म्हणाले, "गादी फार मऊ आहे, पाठ धरली." म्हणजे तक्रार करण्याची ताकद आली होती. ताप पुरता उतरल्याची ती खूण मानली.

गुरुवार : रत्नागिरी, आणि घरी

आरे-वारेचा रस्ता सकाळी लवकर करा, नंतर गाड्या वाढतात. रत्नागिरीच्या स्टँडवर सायकली टपावर चढवल्या. त्यासाठी दोरी आपली आपण न्यावी लागते, आणि हमालाला आधी विचारून घ्यावं. चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढताना मेव्हणे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे चालत आले म्हणता तुमचे कर्वे?" आणि पाटणपर्यंत परत काही बोलले नाहीत.

आठवड्याभराने काकूंना फोन केला. मधे आणखी एक सर येऊन गेली होती म्हणे. वाळलं ते कणगीत गेलं, आणि जे भिजलं ते वाया घालवण्यापेक्षा उकडून घेतलं, यंदा उकडा तांदूळ जास्त. "पाठवू का पायलीभर? सातारकरांना पचेल ना?" आणि मग मी ठेवतो म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या मेव्हण्यांचे बूट वाळले का हो?"

वाळले नव्हते. गच्चीवर आहेत. अजून सुकटाचा वास येतो म्हणून माझ्या सासूबाई त्यांना घरात घेत नाहीत. बुटांना.